शोषलेली ऊर्जा पॉलिमरमध्ये जाते कुठे?

फोंड्याच्या एका उच्च माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: पुस्तकात याब्लॉन्स्कीची आकृती एकाच रेणूची असते. रेणू प्रकाश शोषतो, वरच्या पातळीवर जातो, मग फ्लुओरेसन्स (म्हणजे शोषलेली ऊर्जा उजेड म्हणून) देऊन नाहीतर उष्णता देऊन खाली येतो. पॉलिमरमध्ये अशी शेकडो एककं एकमेकांना जोडलेली असतात. तिथे ऊर्जा धावते म्हणजे इलेक्ट्रॉन धावतात का? साखळी शेकडो नॅनोमीटर लांब असताना एक्सायटॉन दहाच नॅनोमीटर का जातो? आणि यातलं काही शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल का?

मी गोव्यात बरीच वर्षं हेच काम करतो. रंगद्रव्यांवर आणि चमकणाऱ्या पॉलिमरांवर लेसरचा एक छोटा स्पंद टाकायचा आणि उजेड किती वेळात विझतो ते मोजायचं. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी थोडक्यात. इलेक्ट्रॉन साखळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत नाहीत, उत्तेजना सरकते. या एककावर वर गेलेला इलेक्ट्रॉन खाली बसतो आणि त्याच क्षणी शेजारच्या एककावरचा वर उठतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्यामागे राहिलेली रिकामी जागा, म्हणजे होल, अशी ही जोडी. तिच्यावरचा एकूण विद्युतभार शून्य, म्हणून ती सरकली तरी अॅमीटरचा काटा हलत नाही. हिलाच एक्सायटॉन म्हणतात. रेणूंच्या स्फटिकांना लागू पडणारी ही कल्पना सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी १९३१ साली मांडली. दहा नॅनोमीटरचं कारण दुहेरी आहे: एक्सायटॉनचं आयुष्य तोकडं आणि चाल भरकटलेली. मुलांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन: फोटॉन कुठे शोषला गेला याला फारसं महत्त्व नसतं, एक्सायटॉन शेवटी कुठे अडकला यावर सगळं ठरतं.

आता सविस्तर. एकट्या रेणूपासून सुरुवात करू, कारण वेळेचा अंदाज तिथेच येतो. फोटॉन शोषला जाणं फेम्टोसेकंदांत आटोपतं. सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. असे हजार झाले की एक पिकोसेकंद, आणि हजार पिकोसेकंदांचा एक नॅनोसेकंद. रेणू वरच्या कुठल्याही पातळीवर गेलेला असो, काही पिकोसेकंदांत तो जादा ऊर्जा कंपनांमधून उधळतो आणि सर्वांत खालच्या उत्तेजित पातळीवर येऊन बसतो. मायकेल काशा यांनी १९५० साली मांडलेला नियम तो हाच. म्हणून रोडामिन बीवर जांभळा प्रकाश टाका की हिरवा, ते नारिंगीच चमकतं. या खालच्या उत्तेजित पातळीवर मात्र रेणू रेंगाळतो, साध्या रंगद्रव्यात एक ते दहा नॅनोसेकंद. रोडामिन ६जीचं आयुष्य चार नॅनोसेकंदांच्या आसपास असतं. पिकोसेकंदांच्या हिशोबात हा काळ प्रचंड मोठा आहे आणि पुढचं सगळं याच काळात घडतं.

या मुदतीत रेणूपुढे अनेक वाटा उघड्या असतात: उजेड देणं, कंपनांतून उष्णता देणं, स्पिन उलटवून ट्रिपलेटमध्ये (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असलेल्या अवस्थेत) जाणं, एखादा बंध तोडणं, किंवा ऊर्जा शेजाऱ्याला देऊन मोकळं होणं. कुठली वाट घ्यायची हे केवळ वेग ठरवतात. एका वाटेचा वेग भागिले सगळ्या वाटांच्या वेगांची बेरीज, म्हणजे त्या वाटेनं जाणाऱ्यांचा वाटा. एकटा रेणू पाच नॅनोसेकंदांत उजेड देत असेल आणि शेजारी ठेवलेल्या रेणूला तो पाच पिकोसेकंदांत ऊर्जा देऊ शकत असेल, तर हजारातले ९९९ वेळा उजेड दिसणारच नाही. विद्यार्थी "हा रेणू फ्लुओरेसन्स देतो" असं त्याच्या स्वभावाबद्दल बोलल्यासारखं लिहितात. खरं तर तो फ्लुओरेसन्स देतो तो दुसरी कुठलीही वाट त्याहून जलद नसते म्हणून.

ऊर्जा शेजाऱ्याला मिळते कशी? इथे सर्वांत जास्त गैरसमज आहे, म्हणून थांबतो. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असतं की दाता रेणू फोटॉन सोडतो आणि ग्राही रेणू तो झेलतो. असंही होतं, पण ते वेगळं. थिओडोर फोर्स्टर यांनी १९४६ ते १९४८ या काळात मांडलेल्या प्रक्रियेत फोटॉन सुटतच नाही. दात्यामधला इलेक्ट्रॉन-भार एका ठरावीक वारंवारितेनं हेलकावतो. ग्राही त्याच वारंवारितेला शोषण करणारा असेल तर दोघांची द्विध्रुवं विद्युतक्षेत्रातून एकमेकांशी जुळतात आणि उत्तेजना इकडून तिकडे जाते. द्विध्रुवांमधली ओढ अंतराच्या तिसऱ्या घातानं घटते आणि वेग तिच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणून एकूण सहावा घात. ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा हस्तांतरित होते त्याला फोर्स्टर अंतर म्हणतात. नेहमीच्या जोड्यांत ते २ ते ६ नॅनोमीटर असतं. अंतर त्याच्या निम्म्यावर आणलं तर ९८ टक्क्यांहून जास्त ऊर्जा जाते, दुप्पट केलं तर दीड टक्का. १९६७ साली स्ट्रायर आणि हॉगलँड यांनी प्रोलिनच्या कडक साखळीच्या दोन टोकांना दाता आणि ग्राही बसवून हा सहावा घात मोजून दाखवला, आणि तेव्हापासून जीवशास्त्रज्ञ ही प्रक्रिया प्रथिनांमधली अंतरं मोजायला मोजपट्टी म्हणून वापरतात.

फोर्स्टर अंतर ठरतं चार गोष्टींवरून: दात्याची एकट्यानं चमकण्याची क्षमता, दात्याच्या उत्सर्जनाचा आणि ग्राहीच्या शोषणाचा वर्णपट एकमेकांवर किती पडतो, दोघांच्या द्विध्रुवांची दिशा, आणि माध्यमाचा अपवर्तनांक. यातली दिशा फार त्रास देते. तिचा गुणक शून्यापासून चारपर्यंत काहीही असू शकतो. रेणू द्रावणात मोकळे फिरत असतील तर सरासरी दोन तृतीयांश धरतात. घट्ट बसलेल्या फिल्ममध्येही, म्हणजे सुकलेल्या पातळ थरातही, लोक डोळे मिटून तोच आकडा घालतात, ते मला पटत नाही.

फोटॉन खरोखर सुटून पुन्हा शोषला जाणं आणि फोर्स्टर हस्तांतरण यांतला फरक मोजून कळतो. फोर्स्टरमध्ये दात्याला एक नवी, जलद वाट मिळते, म्हणून त्याचं आयुष्य कमी होतं. पुनर्शोषणात दाता त्याच्या चालीनंच चमकतो; बाहेर पडलेल्या उजेडातला निळीकडचा भाग फक्त वाटेत खाल्ला जातो. विज्ञान प्रदर्शनात हायलायटरच्या पिवळ्या आणि गुलाबी शाईचं मिश्रण दाखवून त्याला "ऊर्जा हस्तांतरण" म्हणतात. हिशोब करून बघा: १ मिलिमोलर द्रावणात दोन रेणूंमधलं सरासरी अंतर १२ नॅनोमीटरच्या आसपास येतं. बाटलीतली शाई पाण्यात सोडली की ते आणखी वाढतं. तिथे फोर्स्टरला वाव नाही, ते बहुतांशी पुनर्शोषण असतं.

दुसरी पद्धत डेक्स्टर यांची, १९५३ सालची. तिच्यात दोन रेणूंच्या इलेक्ट्रॉन-ढगांनी एकमेकांवर चढावं लागतं आणि इलेक्ट्रॉनांची अक्षरशः अदलाबदल होते. वेग अंतराबरोबर घातांकी पद्धतीनं कोसळतो, म्हणून ती साधारण १ नॅनोमीटरच्या आतच चालते. ट्रिपलेट उत्तेजनेला बहुधा हीच वाट उरते, कारण खाली येताना स्पिन उलटावा लागत असल्यानं तिचं द्विध्रुव जवळपास नसल्यासारखंच असतं. ट्रिपलेट हळू सरकतं पण जगतं फार, मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत. शुद्ध अँथ्रासिनच्या स्फटिकात ते त्या जोरावर मायक्रोमीटरच्या घरात प्रवास करतं. हवा आली की संपलं. ऑक्सिजनची मूळ अवस्थाच ट्रिपलेट असते, तो ही ऊर्जा घेऊन स्वतः सिंगलेट ऑक्सिजन होतो आणि मग आजूबाजूचं सगळं कुरतडतो. म्हणून ट्रिपलेट मोजायचं तर द्रावणातला ऑक्सिजन आधी काढावाच लागतो, नायट्रोजन सोडून किंवा गोठवून-व्हॅक्यूम-वितळवून.

आता पॉलिमरकडे. माझ्याकडे नवा विद्यार्थी आला की त्याला पहिलं काम देतो ते पीथ्रीएचटीचं, म्हणजे पॉली-थ्री-हेक्सिलथायोफिनचं. काळपट जांभळी पूड असते. तिचे दोन-चार मिलिग्रॅम क्लोरोबेंझिनमध्ये टाकून थोडं गरम केलं की नारिंगी द्रावण होतं. दिवे घालवून त्यावर यूव्ही टॉर्च मारली की अख्खी बाटली नारिंगी पेटते. मग तोच थेंब काचपट्टीवर सोडायचा आणि सुकू द्यायचा. कड आधी जांभळी होते, मग जांभळेपणा आत सरकत मध्यापर्यंत येतो. सुकलेल्या डागावर टॉर्च मारली तर डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. रेणू तोच, तेवढाच. द्रावणात शोषलेल्या तीन-चार फोटॉनांमागे एक बाहेर येत होता, फिल्ममध्ये शंभरामागे दोन-चार. (पावसाळ्यात क्लोरोफॉर्म घेऊन हे करू नका. तो इतक्या झपाट्यानं उडतो की काच थंड होते, आपल्याकडच्या दमट हवेतली वाफ तिच्यावर बसते आणि फिल्म धुरकट पांढरी येते.)

या फरकाची कारणं दोन. साखळ्या चिकटून बसल्या की त्यांची द्विध्रुवं एकमेकांशेजारी समांतर येतात. अशा रचनेत सर्वांत खालची उत्तेजित अवस्था उजेड द्यायला नाखूश असते. आणि आता एक्सायटॉनला शेजारच्या साखळ्यांवर उड्या मारायची सोय झाली, म्हणून त्याला कुठला ना कुठला सापळा (ऊर्जा अडकून बसेल अशी खालच्या पातळीची जागा) सापडतोच.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. कागदावर पॉलिमरची साखळी सरळ तारेसारखी काढतात आणि एकाआड एक दुहेरी बंध टोकापासून टोकापर्यंत सलग दिसतात. प्रत्यक्षात साखळी जागोजागी पिळलेली, वाकलेली असते. पीळ मोठा असला की तिथे दुहेरी बंधांतल्या पाय (π) इलेक्ट्रॉनांचं सातत्य तुटतं. त्यामुळे शेकडो एककांची साखळी म्हणजे खरं तर पाच-दहा एककांचे वेगवेगळे तुकडे एका माळेत ओवलेले. ज्या तुकड्यात जास्त एककं त्याची ऊर्जा-पातळी खाली, आखूड तुकड्याची वर. एक्सायटॉन एका तुकड्यावर जन्मतो आणि तिथून दुसऱ्यावर फोर्स्टरच्याच पद्धतीनं जातो, फरक इतकाच की इथे शेजारी १ नॅनोमीटरच्या आत असल्यानं फोर्स्टरचं साधं सूत्र ताणलं जातं. द्विध्रुव म्हणजे एक बिंदू असं मानून चालत नाही. उलटं वाटेल, पण साखळीच्या लांबीनं जाण्यापेक्षा शेजारच्या साखळीवर उडी मारणं बहुधा जलद असतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं पीपीव्ही (पॉली-फेनिलीन-विनिलीन) जातीच्या पॉलिमरच्या साखळ्या सिलिकाच्या बारीक छिद्रांत एकेकट्या कोंडून २००० साली हे दाखवलं.

उड्यांची दिशा ठरलेली नसते. एका उडीत १ नॅनोमीटर आणि शंभर उड्या धरल्या तर १०० नॅनोमीटर होत नाहीत, शंभराचं वर्गमूळ म्हणजे दहाच होतात. हाच हिशोब विसरणाच्या (डिफ्यूजनच्या) गुणांकातून करता येतो: तो गुणांक आणि आयुष्य यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. सेकंदाला एक सहस्रांश चौरस सेंटिमीटर आणि ४०० पिकोसेकंद हे ठरीव आकडे घातले तर सुमारे ६ नॅनोमीटर येतात. बहुतेक पॉलिमरांची मोजलेली अंतरं ५ ते १० च्या दरम्यानच असतात. काही जण वर्गमुळात दोनचा किंवा सहाचा गुणक घालतात, त्यामुळे दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी व्याख्या बघायची.

शिवाय जमीन सपाट नाही. जांभ्याच्या सड्यावर पाऊस सगळीकडे सारखा पडतो, पण पाणी साचतं ते ठरावीक खळग्यांतच, आणि खळगे सड्याच्या मानानं थोडे असले तरी बहुतेक पाणी त्यांच्याकडेच वळतं. एक्सायटॉनही असाच उताराकडे घरंगळतो. पहिल्या काही पिकोसेकंदांत फिल्मच्या उत्सर्जनाचा वर्णपट तांबड्याकडे सरकताना मोजता येतो, तो याच घरंगळण्यामुळे. पण तुलना इथेच संपते. पाण्याला मुदत नसते, एक्सायटॉनला असते. आणि खोलीच्या तापमानाला मिळणाऱ्या ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या धक्क्यांनी एक्सायटॉन छोट्या खळग्यातून वरही निघतो. तापमान उतरवलं की तो जागच्या जागी खिळतो आणि अंतर आणखी कमी होतं.

सापळ्यांची सत्ता किती, हे पॉलिफ्लुओरीनमध्ये जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. हा निळा उजेड देणारा पॉलिमर. त्याच्या एककातल्या नऊ क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिडेशन होऊन कार्बोनिल बसला की ते एकक फ्लुओरेनोन बनतं, आणि त्याची उत्तेजित पातळी निळ्यापेक्षा बरीच खाली असते. दोष इतका विरळ की शोषणाच्या वर्णपटात त्याचा मागमूस लागत नाही. विरळ द्रावणात पॉलिमर निळाच चमकतो. त्याच नमुन्याची फिल्म घातली की ५३० नॅनोमीटरच्या आसपास रुंद हिरवा पट्टा उगवतो आणि दिवा चालवत ठेवला तर वाढत जातो. द्रावणात एकटी साखळी असते, तिच्यात दोष नसला तर नसला. फिल्ममध्ये एक्सायटॉन शेजारच्या कितीतरी साखळ्या फिरून येतो आणि दोष हुडकतो. बरीच वर्षं लोक या हिरव्या पट्ट्याला दोन साखळ्यांचा एक्सायमर (उत्तेजित असेपर्यंतच टिकणारी जोडी) समजत होते. समजणं स्वाभाविक होतं, कारण फिल्ममध्येच उगवणं हे एक्सायमरचंही लक्षण आहे.

हेच मुद्दाम वापरलं की उपकरण होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात टिमथी स्वेगर यांनी १९९५ साली दाखवलं की सुटे रेणू विझवायला जितका विझवणारा पदार्थ लागतो त्याच्या कितीतरी कमीत जोडलेली साखळी विझते, कारण फिरता एक्सायटॉन त्या एका जागेपर्यंत पोचतो. पुढे त्याच तत्त्वावर त्यांनी टीएनटी या स्फोटकाची वाफ ओळखणारी फिल्म केली. तुमच्या मोबाइलचा पडदा ओएलईडीचा असेल तर त्यातही हाच खेळ आहे: यजमान पदार्थात चमकणारा पाहुणा रेणू थोडक्या टक्क्यांत मिसळतात आणि यजमानाची ऊर्जा त्याच्याकडे जाऊन अडकते. चांगला, चमकणारा सापळा आधीच ठेवला की एक्सायटॉन वाईट सापळ्यांकडे भटकत नाही.

सौरघटात प्रश्न उलटा. तिथे एक्सायटॉन तोडून इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे करायचे असतात. सिलिकॉनमध्ये ही जोडी ०.०१५ इलेक्ट्रॉन-व्होल्टनं बांधलेली, ती खोलीच्या उष्णतेनंच सुटते. पॉलिमरमध्ये परावैद्युतांक (भारांमधली ओढ किती मंदावते त्याचं माप) तीन-चारच असल्यानं बांधणी एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही दशांशांची असते, ती आपोआप सुटत नाही. म्हणून शेजारी इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पदार्थ लागतो. कोडॅकच्या चिंग टँग यांनी १९८६ साली दोन थरांचा घट केला, कार्यक्षमता सुमारे एक टक्का. अडचण अशी की पुरेसा प्रकाश शोषायला फिल्म १०० नॅनोमीटरच्या वर हवी आणि एक्सायटॉन सीमेपर्यंत पोचणार फक्त शेवटच्या दहांतून. १९९२ साली हीगर यांच्या गटात पॉलिमरकडून सी-६० या साठ कार्बनांच्या गोल रेणूला होणारं जलद इलेक्ट्रॉन-हस्तांतरण सापडलं, आणि १९९५ मध्ये दोन्ही पदार्थ एकत्र कालवून अशी फिल्म केली की कुठूनही सीमा दहा नॅनोमीटरच्या आत. दहा नॅनोमीटरची मर्यादा सुटली नाही, तिला वळसा घातला. २०१९ साली आलेल्या वाय-६ या ग्राही रेणूनं कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या वर नेली. त्या जातीच्या रेणूंत साखळ्यांपेक्षा रचना शिस्तीची असते आणि एक्सायटॉन बराच लांब जातो.

निसर्गानं हे प्रकरण फार आधी सोडवलं आहे. १९३२ साली इमर्सन आणि अर्नोल्ड यांनी क्लोरेला या शेवाळावर क्षणिक प्रकाश टाकून मोजलं, तेव्हा एका ऑक्सिजन रेणूमागे सुमारे २५०० हरितद्रव्याचे रेणू निघाले. म्हणजे प्रत्यक्ष रसायन करणारं केंद्र एखादंच, बाकीचे शेकडो रेणू ऊर्जा गोळा करून त्याच्याकडे पाठवणारे. हणजूणच्या खडकांवर ओहोटीला दिसणारी तांबडी शेवाळं घ्या. त्यांच्यात फायकोएरिथ्रिन ५६५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतं, तिथून ऊर्जा फायकोसायनिनकडे, मग अॅलोफायकोसायनिनकडे आणि शेवटी हरितद्रव्याकडे. दर टप्प्याला पातळी थोडी खाली, म्हणून परतीची वाट बंद. इथे बाईंच्या वर्गातला एखादा हुशार मुलगा "क्वांटम कोहेरन्स" विचारणार, म्हणजे उत्तेजना एकाच वेळी अनेक रेणूंवर लाटेसारखी पसरते का. २००७ साली बर्कलेच्या गटानं हिरव्या गंधक-जीवाणूंच्या प्रथिनात ७७ केल्व्हिनला दीर्घकाळ टिकणारी स्पंदनं पाहिली आणि वनस्पती क्वांटम संगणक असल्याच्या बातम्या छापून आल्या. नंतरच्या प्रयोगांतून ती स्पंदनं मुख्यतः रेणूंच्या कंपनांची असल्याचं निघालं. माझं मत: वर्गात ते सांगायची गरज नाही, जवळ-जवळ मांडलेले रेणू आणि उतरती पातळी एवढ्यानं बहुतेक स्पष्टीकरण होतं.

अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीचंही हेच. शुद्ध पॉलिप्रोपिलीन जमिनीवर पोचणारं ऊन, म्हणजे २९० नॅनोमीटरच्या पुढचं, शोषतच नाही. शोषतात ते घडवताना शिरलेले कार्बोनिल, पेरॉक्साइड आणि उत्प्रेरकाचे अंश. तिथून साखळी तुटायला लागते, नवे कार्बोनिल तयार होतात आणि खुर्चीवर हात फिरवला की पांढरी भुकटी येते. उपाय म्हणून घालतात त्या हायड्रॉक्सीबेंझोफिनोनसारख्या रेणूंत उत्तेजना येताच एक प्रोटॉन पिकोसेकंदाच्या आत शेजारच्या ऑक्सिजनवर उडी मारतो आणि सगळी ऊर्जा उष्णतेत संपते. बंध तुटायला वेळच मिळत नाही. काळी पाण्याची टाकी वर्षानुवर्षं गच्चीवर टिकते ती त्यातल्या काजळीमुळे.

मोजणीबद्दल थोडंसं, कारण बाईंचे विद्यार्थी पुढे एम.एस्सी.ला येतील. दात्याभोवती ग्राही वेगवेगळ्या अंतरांवर विखुरलेले असतील तर विझण्याचा आलेख एका घातांकाचा येऊच शकत नाही. जवळचे आधी रिकामे होतात, लांबचे रेंगाळतात. त्यात दोन घातांक बसवून "दोन प्रकारच्या जागा आहेत" असा निष्कर्ष काढण्याची साथ आहे. दोन घातांक जवळपास कशालाही बसतात.

आता शाळेत काय दाखवायचं. पीथ्रीएचटी महाग आहे, क्लोरोबेंझिन वर्गात नको. पालक किंवा शेवग्याचा पाला घ्या. तांबडी भाजी घेऊ नका, तिचा तांबडा रंग मध्ये येतो. पानं स्पिरिटमध्ये कुटून गाळा आणि अंधारात टॉर्च मारा. द्रावण लालभडक चमकेल, शेजारी ठेवलेलं अख्खं पान जवळजवळ नाही. पानात ऊर्जा केंद्राकडे निघून जाते. स्पिरिटमध्ये ते केंद्र मोडलेलं असतं आणि हरितद्रव्याला उजेड देण्याचीच वाट उरते. द्रावण पातळ ठेवा. दाट झालं तर आतला उजेड ते स्वतःच शोषतं आणि चमक फक्त टॉर्चच्या बाजूच्या काचेलगत दिसते. तेही दाखवण्यासारखं आहे, पुनर्शोषण शिकवताना.

दुसरा प्रयोग टॉनिक वॉटरचा, जे गोव्यात कुठल्याही दुकानात मिळतं. त्यातलं क्विनीन निळं चमकतं. स्टोक्स यांनी १८५२ साली याच पदार्थावर फ्लुओरेसन्सचा अभ्यास केला. त्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळा, निळा उजेड झपकन मंदावतो. इथे मुलांना एक प्रश्न मुद्दाम घाला: हे ऊर्जा हस्तांतरण आहे का? नाही, कारण क्लोराइडकडे एवढी ऊर्जा ठेवायला पातळीच नाही. ते टक्कर देऊन विझवतं. साखर टाकून पडताळा घ्या, उजेड तसाच राहील. टॉर्च ३६५ नॅनोमीटरची घ्या. ३९५ ची स्वस्त असते, पण तिचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका की निळी चमक तिच्यात बुडून जाते. मुलांना टॉर्चच्या तोंडात बघू देऊ नका, आणि स्पिरिटचं भांडं असताना वर्गात बर्नर पेटवू नका.